कुवाबाता वहिनींचा घसा

उराहामाच्या नगरसभेत खुर्च्या बारा आणि या खेपेला उभे राहिलेले तेरा. म्हणजे बारा जण येणार हे ठरलेलंच, आपटणार कोण एवढाच प्रश्न. असल्या प्रकाराला निवडणूक म्हणायला जीभ धजावू नये, पण उराहामाचे लोक म्हणतात. आणि त्या एका माणसाला घरी बसवण्यासाठी सगळं गाव डोक्यावर घेतात. मोटारींच्या टपावर भोंगे, आत पांढरे हातमोजे घातलेली माणसं खिडकीतून हात हलवतायत, आणि सकाळी आठला जो कल्ला सुरू होतो तो रात्री आठला थांबतो. चालत्या मोटारीतून भाषण ठोकायला कायद्याने मनाई आहे, नाव तेवढं पुकारता येतं. म्हणून नाव पुकारतात. हा काय करणार, आजवर काय केलं, मुळात कशाला उभा राहिला, त्यातलं काही नाही. नुसतं नाव आणि नावामागे 'कृपा असू द्या, कृपा असू द्या.' दारावर मासे विकायला येणारासुद्धा आज कुठला मासा आणलाय ते सांगतो.

फुमियो कुवाबाताला या प्रकाराची मनापासून किळस होती. दुर्दैव असं की तिचाच नवरा त्या तेरांमधला एक होता.

तेरुहिको कुवाबाता तीनदा निवडून आला होता, आणि तिन्ही वेळा निवडून आलेल्यांत तळाला. सभेत तो डुलक्या काढायचा. त्याच्या नावावर जमा असलेलं एकमेव काम म्हणजे मासळी बाजाराच्या वळणावर बसवलेला गोल आरसा, पलीकडून येणारी गाडी दिसावी म्हणून. तोही कुठल्याशा ट्रकने वाकवून ठेवल्यापासून त्यात फक्त आभाळ दिसायचं. पोस्टरवरचा फोटो पहिल्या निवडणुकीतला होता, तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. खाली ओळ होती, 'हसतं उराहामा, उद्याचं उराहामा.' ही कोणाला सुचली म्हणून फुमियोने एकदा चौकशी केली. छापखान्यात अशा ओळी तयारच असतात, गावाचं नाव तेवढं बदलतात, असं कळलं. शेजारच्या नगरातही त्या वर्षी एक गाव हसत होतं.

फुमियोचं स्वतःचं केस कापायचं दुकान होतं. घराच्या पुढच्याच खोलीत, दोन खुर्च्या आणि भिंतभर आरसा. गावातल्या बायका तिथे केस कापायला यायच्या आणि कापून झाल्यावरही तासभर हलायच्या नाहीत. पहिल्या निवडणुकीच्या वेळी तेरुहिको म्हणाला, "चार दिवसांपुरती खोली दे, कार्यालयाला." ते चार दिवस अजून संपले नव्हते. आरशावर गावाचा नकाशा चिकटवला होता, खुर्च्या मागच्या कोठारात जाळ्यांखाली पडल्या होत्या, आणि फुमियो आल्यागेल्याला चहा देत होती. बायका आता बस पकडून शेजारच्या नगरात जायच्या, नाहीतर घरीच कात्री चालवायच्या. रस्त्यात कोणाची कपाळावरची केसांची वाकडी-तिकडी झालर दिसली की फुमियोचे हात शिवशिवायचे. रात्री ती झोपेतसुद्धा बोटांनी कात्री चालवते, असं तेरुहिकोच हसत हसत लोकांना सांगायचा. त्याला ती गंमत वाटायची.

या वर्षी मात्र त्याचं हसू मावळलं, कारण निशिओ उभा राहिला. निशिओ हा ओसाकाहून आलेला तरुण, डोंगरउतारावर संत्र्यांची बाग करणारा. त्याच्याकडे मोटार नाही, भोंगा नाही. तो सायकलवरून हिंडत होता आणि थांबला की आपण काय करणार ते साध्या आवाजात सांगत होता. गावचा दवाखाना बंद होऊ द्यायचा नाही, एवढा एकच मुद्दा. बाकीच्या अकरांची मतं नात्यागोत्यात आणि वाड्यावस्त्यांत आधीच बांधलेली होती. म्हणजे पडला तर तेरुहिको, नाहीतर निशिओ.

नव्या वर्षाच्या जेवणात, साके डोक्यात गेल्यावर, तेरुहिको रडवेला होऊन म्हणाला होता, "या खेपेला पडलो तर बस्स, फुमियो. राजकारण बंद. खोली तुझी. खुर्च्या मी स्वतः उचलून आणीन."

फुमियोने ते मनात पक्कं धरून ठेवलं. तेरुहिकोत बाकी काही नव्हतं, पण दिलेला शब्द तो पाळायचा. तेवढा एक गुण त्याच्यात होता आणि मतदारांना नेमका तोच माहीत नव्हता.

प्रचार सुरू झाला त्या सकाळी फुमियो मासे आणायच्या निमित्ताने यासुएकडे गेली. यासुए तिची शाळेपासूनची मैत्रीण. समुद्राकाठच्या गल्लीत तिचं अंगण होतं आणि अंगणभर जाळीच्या चौकटींवर चिरलेले मासे वाळत असायचे. यासुए ते एकेक उलटत होती, आणि तिची झालर यंदा भुवयांच्याही वर गेली होती.

"हे काय करून घेतलंस?" फुमियोने विचारलं.

"नातवाच्या कात्रीने कापली. हसू नकोस. तू दुकान उघडशील तेव्हा नीट करून घेईन."

"या वेळी उघडीन," फुमियो आवाज खाली आणत म्हणाली. "हे पडले तर."

"पडतील?"

"पडू देत गं बाई. मी तर रोज देवळापुढे हात जोडून तेच मागते."

यासुए खो खो हसली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक भोंगेवाली मोटार आली, कुणा तिसऱ्याच उमेदवाराची. आवाज एवढा की चौकटी थरथरल्या आणि मांजर माशावरचं लक्ष सोडून पळालं. यासुए लगेच उभी राहिली, चेहरा हसरा केला आणि दोन्ही हात हलवले. मोटारीतून मंजूळ आवाज आला, "अंगणातून हात हलवणाऱ्या ताई, मनापासून आभार!" मोटार गेली तशी यासुएने चेहरा उतरवला.

"मेले! आता रोज दिवसभर हेच. माझं डोकं उठलंय. खरं सांगते फुमियो, जो सगळ्यात जास्त बोंबलेल ना, त्याचं नाव मी काही झालं तरी मतपत्रिकेवर लिहिणार नाही. आमच्या गल्लीत सगळ्या असंच म्हणतात."

"मग हात कशाला हलवलेस?"

"अगं, बरं दिसतं का नाही हलवला तर! सगळ्यांनाच हलवते मी."

फुमियो मासे घेऊन घरी निघाली, पण तिच्या डोक्यात ते वाक्य घोळत राहिलं. जो सगळ्यात जास्त बोंबलेल त्याचं नाव लिहिणार नाही. इतकी वर्षं ती मोटारीत बसून हात हलवत होती, चहा उकळत होती, आणि इतकी साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. या भोंग्याने मत मिळत नाही हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. पण मत जातं, हे आज कळलं. एकच माणूस पडायचा आहे, दहावीस घरं विटली तरी पुष्कळ झालं.

हे यासुएला सांगावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण यासुएच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत गल्लीला, संध्याकाळपर्यंत मासळी बाजाराला कळलं असतं. फुमियोने तोंड बंद ठेवायचं ठरवलं.

घरी, म्हणजे तिच्या दुकानात, ससाकुरा-सान नकाशापुढे उभा राहून त्यावर लाल टिकल्या लावत होता. शेतकरी संघातून निवृत्त झालेला हा गृहस्थ तेरुहिकोचा प्रचारप्रमुख. त्याच्या लेखी हात हलला की मत आलं.

"वहिनी, काल सराव फेरीतच उत्तरेच्या वाडीत कसला प्रतिसाद! घरागणिक हात. गेल्या खेपेच्या दुप्पट!"

"गेल्या खेपेला किती मतं पडली त्या वाडीत?"

"ते... जरा कमीच पडली," ससाकुरा म्हणाला आणि आणखी एक टिकली लावली.

मोटारीत पुकारा करायला शहरातून पैसे देऊन आणलेली मानाबे नावाची मुलगी होती. तिचा आवाज साखरेच्या पाकातून काढल्यासारखा. ती जे हलेल त्याचे आभार मानायची. कावळे हाकलणाऱ्या म्हाताऱ्याचे, गादी झटकणाऱ्या बाईचे, कालच्या सरावात तर वाऱ्यावर हलणाऱ्या बुजगावण्याचेसुद्धा मानले होते. पण ती शाळा आली, दवाखाना आला की भोंगा बंद करायची, आणि गल्लीत मूल रडताना ऐकलं की आवाज उतरवायची. फुमियोच्या दृष्टीने ही मुलगी फारच सभ्य होती.

"मी पुकारते," फुमियो म्हणाली.

तेरुहिको बूट घालता घालता थांबला. "तू?"

"शहरी आवाज ऐकून आपल्या माणसांना काय वाटणार? बायकोचा आवाज हवा."

तेरुहिकोच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ससाकुराने टिकल्यांची डबी खाली ठेवून कमरेतून वाकून नमस्कार केला. त्या दोघांकडे बघून फुमियोला आधी हसू आलं आणि मग राग आला. इतकी वर्षं ही बाई मनातून काय म्हणते हे त्यातल्या एकालाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून उराहामाची झोप उडाली.

"कुवाबाता! कुवाबाता तेरुहिको! कृपा असू द्या!" तिने आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवून ठेवलं आणि मग त्याला हात लावला नाही. सकाळी आठच्या ठोक्याला पहिली हाक, रात्री आठला शेवटची. दुपारी लोक जेवायला बसले की ती गल्लीत. बाळं झोपली की ती बालवाडीच्या मागच्या रस्त्याला. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, आत्ताच इथून गेलो आपण." ती म्हणाली, "पुन्हा चला." समोरून दुसऱ्या उमेदवाराची मोटार आली की एकमेकांना यशाच्या शुभेच्छा द्यायची इथली रीत आहे. भोंग्यावरून देतात, गोड आवाजात, आणि मनात तूच पड म्हणतात. फुमियो शुभेच्छाही अशा काही किंचाळून द्यायची की समोरचा पुकारा करणारा दचकून गप्प बसायचा.

रात्रभर समुद्रावर असलेले कोळी दिवसा झोपतात. त्यांच्या वस्तीत भरदुपारी तिने चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला तोकिची नावाचा आडदांड कोळी बनियनवर बाहेर आला आणि मूठ उगारून ओरडला, "अहो वहिनी! मेलेल्याला उठवाल का आता?"

"मूठ उंचावून पाठिंबा देणाऱ्या तोकिची-सानचे आभार!" फुमियो भोंग्यावरून म्हणाली.

आसपासच्या खिडक्यांतून लोक हसले. तेरुहिको शेजारी बसून हातमोजा हलवत होता. त्याला खरंच पाठिंबा वाटला. फुमियोने मनात हिशेब मांडला, तोकिची गेला, त्याची बायको गेली, दोन्ही भाऊ गेले. त्या संध्याकाळी ती इतक्या आनंदाने जेवली की तेरुहिको म्हणाला, "तुला मानवतंय हे."

"फार," ती म्हणाली.

असं ओरडल्यावर घशाचं व्हायचं तेच झालं. आधी आवाज फाटला, मग चिरका झाला, मग हाकेच्या मध्येच तुटायला लागला. 'कुवाबाता' म्हणताना 'कुवा' आणि 'बाता' यांच्यामध्ये नुसती हवा यायची. मानाबे काकुळतीला येऊन म्हणाली, "काकू, द्या ना माझ्याकडे. मला याचेच तर पैसे मिळतात." फुमियोने माईक दिला नाही. फाटका आवाज तर आणखी कानाला टोचतो, हे तर सोन्याहून पिवळं झालं असं तिला वाटलं.

मग बायका यायला लागल्या. आधी शेजारीण, मग तिच्या शेजारची. कोणी मधात मुरवलेल्या मुळ्याच्या चकत्या बरणीतून आणल्या, कोणी आल्याचं पाणी, कोणी घशाच्या गोळ्या. ससाकुराला घाम फुटला. "वहिनी, प्रचारात खाण्यापिण्याची देवघेव नियमात बसत नाही. गोळ्या चालतील बहुतेक. मुळा... मुळ्याचं विचारावं लागेल." बायकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या दाराने येऊन फुमियोच्या हातात बरण्या दिल्या, हात दाबला आणि गेल्या. एकीचे तर डोळे ओले होते.

फुमियोने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. वैतागल्यात बायका. तोंडावर 'गप्प बस' म्हणायची यांची पद्धत नाही, म्हणून औषध आणून देतायत. म्हणजे काम फत्ते होतंय. माणसं किती दांभिक असतात याचा तिला तिटकारा आला आणि त्याबरोबर उत्साहही. बरण्या तिने फळीवर ओळीने लावून ठेवल्या आणि एकीलाही तोंड लावलं नाही. घसा बरा व्हायला नको होता.

यासुएही आली. तिने बरण्यांची ओळ पाहिली. मग खुर्ची ओढून समोर बसली.

"किती दिवस चालणार हे तुझं?"

"उद्या संपेल," फुमियो घोगऱ्या कुजबुजीत म्हणाली.

"तू मला म्हणाली होतीस की पडू देत."

"म्हणाले होते की."

"आणि हे?" यासुएने तिच्या गळ्याकडे बोट केलं.

बाहेर ससाकुरा होता, आत तेरुहिको फोनवर होता. फुमियो नुसती हसली, आणि तिच्या मते ते हसणं पुरेसं सूचक होतं. यासुएने मान हलवली, "कळलं गं बाई, कळलं मला," असं म्हणाली आणि उठून गेली. फुमियोला वाटलं, हिला खरंच कळलं. इतक्या वर्षांची मैत्रीण, हिला नाही कळणार तर कोणाला.

शेवटच्या संध्याकाळी मासळी बाजारासमोरच्या चौकात सभा होती. शेवटच्या संध्याकाळी उमेदवाराने रडायचं असतं. बायको असेल तर तिनेही रडायचं असतं. हे इतकं ठरलेलं आहे की लोक घरून निघताना 'रडण्याला चला' असंच म्हणतात. तेरुहिको आधीच्या तिन्ही वेळांना इथे रडला होता, आणि दर वेळी पुढची चार वर्षं या चौकात फिरकला नव्हता.

गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. फुमियोला वाटलं, मजा बघायला आलेत. तेरुहिकोने 'हसतं उराहामा, उद्याचं उराहामा' वगैरे म्हणून झाल्यावर गुडघे टेकले आणि कपाळ डांबराला लावलं. लोकांनी ते सवयीने पाहिलं. एक म्हातारा जांभई देत होता. मग माईक फुमियोकडे आला.

तिने तोंड उघडलं. "कुवा..." आणि पुढे काहीच आलं नाही. तिने पुन्हा जोर लावला. घशातून आवाज आला तो दार करकरल्यासारखा. मग खोकल्याची अशी उबळ आली की ती माईकच्या दांड्याला धरून वाकली आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सगळ्या चौकात भोंग्यांमधून तिचा खोकला घुमत होता.

ती सावरून वर बघते तो चौक चिडीचूप. जांभई देणारा म्हातारा ताठ उभा होता. पहिल्या रांगेतल्या बायका पदराने पुसावेत तसे रुमालाने डोळे पुसत होत्या. कोळ्यांच्या घोळक्यात तोकिची होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि मान खाली घातली. हे काहीतरी भलतंच चाललंय असं फुमियोला पहिल्यांदा वाटलं. पण ओरडून सांगायला आवाज नव्हता, आणि सांगणार तरी काय होती. ससाकुराने आठला पाच कमी असताना भोंगा बंद केला. तोही रडत होता.

मतदानाच्या दिवशी फुमियो लवकर गेली. शाळेच्या व्यायामगृहात पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभी राहिली, बुटकी पेन्सिल उचलली आणि स्वच्छ अक्षरात निशिओचं पूर्ण नाव लिहिलं. कागद पेटीत टाकताना तिला वाटलं, आता नकाशा काढल्यावर आरशावर राहिलेला गोंद कशाने निघेल ते बघायला हवं. परतताना रस्त्यात निशिओ दिसला. त्याने सायकल थांबवून वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "वहिनी, तुमचं ऐकून मला माझ्या सायकलची लाज वाटली." तिनेही वाकून नमस्कार केला.

उराहामात मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी होते. खोलीत पाठीराखे दाटीवाटीने बसले होते. मानाबेसुद्धा निकालासाठी थांबली होती. फुमियो कोपऱ्यात किटलीजवळ उभी होती. फोन वाजला. ससाकुराने घेतला, 'हं, हं' म्हणाला, मग खुर्चीवर चढला.

"आले! कुवाबाता-सान आले! आणि तळाला नाही, चौथे! चौथे आले!"

आरोळी उठली. कोणीतरी तेरुहिकोला मिठी मारली. निशिओ पडला होता, अगदी ओंजळभर मतांनी. त्याच्याविषयी लोक लगेच हळहळायलाही लागले. "पोरगा गुणी आहे हो. पण आमच्या वाडीत एकदा तरी ओरडून गेला का? सायकलवरून आला आणि सायकलवरून गेला. आम्ही काय तेवढ्याही लायकीचे नाही?" हे म्हणणारा गृहस्थ आठवडाभर कानात कापूस घालून हिंडत होता. फुमियोने तो कापूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

यासुए गर्दीतून वाट काढत आली. तिने फुमियोचे दोन्ही हात धरले.

"झालं ना तुझ्या मनासारखं?"

फुमियोने मान हलवली, नाही नाही अशी.

"माझ्यापुढे कशाला लाजतेस? मला त्या दिवशीच कळलं. तोंडाने म्हणायचीस पडू देत, दुकान उघडते. पण मनातून नवऱ्याचीच गं तू. मी आपली निशिओला देणार होते, खरं सांगते. तुझा तो घसा बघितला आणि म्हटलं, ही बाई आपलं दुकान नवऱ्यावरून ओवाळून टाकते आणि आपण तिला एक मत देऊ नये?" यासुएचे डोळे भरून आले. "मी आमच्या सगळ्या गल्लीला सांगितलं. कोळ्यांच्या वस्तीत जाऊन सांगितलं. म्हटलं, तिला दुकानाची किती आस आहे ते मला ठाऊक आहे, आणि तरी बघा ती काय करते. तोकिची तर म्हणाला, आमच्या घरातली सगळी मतं वहिनींना. तेरुहिकोला कोण विचारतंय? तुला दिली गं, तुला!"

यासुएची झालर फुमियोच्या डोळ्यांसमोर होती, एका बाजूला वर, एका बाजूला खाली. मागे उभ्या असलेल्या बायकांच्याही तशाच. सगळ्या जणी डोळे पुसत तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. तिच्या कात्रीची वाट बघत असलेल्या याच बायकांनी, तिच्यावरच्या मायेने, तिचं दुकान आणखी चार वर्षं बंद करून टाकलं होतं.

फुमियोने छाती भरून श्वास घेतला. तिला म्हणायचं होतं, मूर्ख बायांनो. तिला म्हणायचं होतं, मी तुम्हाला विटवत होते, मला ते पडायला हवे होते, माझी खोली मला परत हवी होती. तिने सगळा जोर लावून तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड लाल झालं, आणि बाहेर आली ती नुसती हवा.

"बोलू नका वहिनी, बोलू नका!" ससाकुरा हुंदका देत म्हणाला. "तुमच्या मनातलं पोचलं आमच्यापर्यंत."

तेरुहिको तिच्याजवळ आला आणि सगळ्यांसमोर कमरेत वाकला, अगदी खाली. लग्नानंतर पहिल्यांदाच. तो खरोखर रडत होता, चौकात रडायचा तसा नाही. "हा विजय माझ्या बायकोचा," तो म्हणाला. मग ससाकुराने सगळ्यांना उभं केलं, आणि रीतीप्रमाणे दोन्ही हात उंच करून तीनदा जयजयकार करायचा असतो तो सुरू झाला. "बानझाई!" खोली दणाणली. सगळ्यांचे हात वर गेले. यासुएने एका हाताने फुमियोचा हात धरून तोही वर केला.

फुमियोचं तोंड अजून उघडंच होतं. लोकांना वाटलं, वहिनीही ओरडतायत. म्हणून दुसऱ्या वेळी ते तिच्या वाटचंही ओरडले.